स्वस्तातला सँडर आणि टेबलावरच्या वेलांट्या

वाकडी फळी:
नमस्कार मंडळी. सुतारकामातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला धक्का बसणार नाही. घरातलं एक जुनं टेबल, कपाटाची दोन दारं आणि एक बाक, एवढं स्वतः घासून पॉलिश करायचं मनात घेतलं. आधी हाताने घासून पाहिलं. टेबलाचा वीतभर तुकडा झाला आणि खांदा भरून आला. मग दिसेल तो सगळ्यात स्वस्त गोल सँडर, म्हणजे लाकूड घासायचं विजेचं यंत्र, घेतला, १२५ मिमीच्या चकतीचा. सोबत पॉलिश पेपरचं एक मिश्र पाकीट आलं होतं.

दोन दिवस घासलं. हात फिरवला तर टेबल लोण्यासारखं. पॉलिशचा पहिला हात दिला, सुकू दिला, आणि खिडकीच्या उजेडात तिरकं बघते तर टेबलभर बारीक वेलांट्या! पहिल्याही आहेत आणि दुसऱ्याही. कोरड्या लाकडावर यातली एकही दिसत नव्हती.

प्रश्न असा, की हा स्वस्त यंत्राचा दोष आहे का? महाग सँडर घेतला तर हे होणार नाही का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. तिरका टाकला तरी चालेल, वेलांट्या तिरक्या उजेडातच दिसतात.

चारखिळे:
सेम पिंच. माझ्याकडे वेलांट्या नाहीत, थेट अनुस्वार आहेत. वाचतोय.

कानसकाका:
ताई, यंत्राला शिव्या देण्याआधी तीन गोष्टी सांगा. सँडरवर दाब किती देत होता? पेपरच्या कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरवर गेलात (नंबर मोठा तितका पेपर बारीक)? आणि नंबर बदलताना मधे टेबल पुसलं होतं का?

वाकडी फळी:
काका, खरं सांगू? दाब म्हणाल तर जवळजवळ आडवीच झाले होते त्याच्यावर. लवकर संपवायचं होतं. ६० वरून सरळ २२०, कारण पाकिटात मधले नंबर होते तरी ते कशाला असतात ते ठाऊक नव्हतं. पुसलं नाही. ६० चा एकच पेपर टेबलभर चालवला, हाताला अजून खरखरीत लागत होता म्हणून.

कानसकाका:
झालं. तिन्ही गुन्हे कबूल.

मोजपट्टी:
आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे काका कशावर हसले ते कळेल.

या गोल सँडरमधे पॅड, म्हणजे पेपर लावायची चकती, मोटरच्या दांड्यावर बरोबर मध्यावर बसवलेलं नसतं, किंचित सरकवलेलं असतं. त्यामुळे ते छोट्या वर्तुळात डुलतं. साध्या यंत्रांत या वर्तुळाचा व्यास २ ते २.५ मिमीच्या आसपास आणि फेरे मिनिटाला १२,००० च्या घरात असतात. शिवाय पॅड बेअरिंगवर मोकळं असतं, म्हणून डुलता डुलता ते स्वतःभोवती सावकाश फिरतही राहतं. या दुसऱ्या फिरण्यामुळे पेपरचा कुठलाही कण एकाच वाटेवरून पुन्हा जात नाही आणि ओरखडे एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात. हीच या यंत्राची सगळी करामत.

तुम्ही अंगाचा भार टाकलात की ते सावकाश फिरणं थांबतं. उरतं फक्त डुलणं. मग प्रत्येक कण जागच्या जागी गोल गिरवत बसतो आणि तुम्ही यंत्र पुढे सरकवलं की त्या गोलाची वेलांटी होते. पॅडच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. चालू असताना रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. थांबली की हात हलका करायचा.

हाताचा वेगही मोजून बघण्यासारखा आहे. मिनिटाला १२,००० म्हणजे सेकंदाला २०० फेरे. झाडू मारल्यासारखा सेकंदाला २० सेंमी हात चालवलात तर लागोपाठच्या दोन फेऱ्यांत १ मिमी अंतर पडतं, वेलांट्या सुट्या सुट्या दिसतात. सेकंदाला अडीच सेंमीने सरकलात तर तेच अंतर मिलिमीटरच्या आठव्या भागावर येतं आणि सगळं एकजीव होतं. इतकं हळू चालवताना सुरुवातीला चीड येते. येऊ द्या.

निरंक:
म्हणजे यंत्र निर्दोष आणि माणूस दोषी? मला हे पटत नाही. माझ्या स्वस्त सँडरने पहिल्याच मोठ्या कामात मान टाकली. बेअरिंग खडखडायला लागलं, पॅड वेडंवाकडं डुलायला लागलं. वेग कमीजास्त करायची सोयच नव्हती. रंग खरवडताना इतका तापायचा की रंग मऊ होऊन पेपरवर च्युइंगमसारखा चिकटायचा. महाग यंत्राचे पैसे कशाचे असतात ते मला तेव्हा कळलं.

कानसकाका:
निरंक, तुमचं चूक नाही. पण किती तासांचं काम होतं ते सांगा ना. रोज आठ तास घासणाऱ्याने स्वस्त यंत्र घेऊ नये, यावर वाद नाही. त्याचं बेअरिंग जाईल आणि त्याचे हातही. थरथर कमी करण्यात महाग यंत्रं फार पुढे आहेत. इथे प्रश्न एक टेबल, दोन दारं आणि एका बाकाचा आहे. एवढ्याला २५०–३०० वॉटचं साधं यंत्र पुरून उरतं. वाचलेले पैसे पेपरात घालायचे. लोक नेमकं उलटं करतात, भारी यंत्र घेतात आणि एका पेपरवर अख्खं घर घासतात.

ताई, पेपर बोथट झाला तरी हाताला खरखरीतच लागतो. बोटाला कळत नाही, लाकडाला कळतं. भुशाऐवजी पिठासारखी धूळ यायला लागली, यंत्र दाबावंसं वाटायला लागलं, की पेपर संपला समजायचं. टेबलभर ६० चे दोन-तीन पेपर लागले तर त्यात उधळपट्टी काही नाही.

मोजपट्टी:
मधले नंबर कशाला असतात ते आकड्यांत सांगतो. पेपरामागे पी अक्षर असेल तर ते युरोपीय प्रमाण. त्यात पी६० चा कण सरासरी २६९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी८० चा २०१, पी१२० चा १२५, पी१८० चा ८२ आणि पी२४० चा साधारण ५८. म्हणजे ६० ने पाडलेल्या दऱ्या तुम्ही २२० ने बुजवायला गेलात. दऱ्यांमधले डोंगर वरवर गुळगुळीत झाले, म्हणून हाताला लोणी लागलं. दऱ्या तशाच राहिल्या. पॉलिश त्यांत उतरलं आणि त्या दिसायला लागल्या.

६०, ८०, १२०, १८० असं जा. आधीच्या आकड्याच्या दीडपटीच्या जवळपास पुढचा, हा ढोबळ हिशोब. पॉलिश करायचं लाकूड १८० ला थांबवलं तरी चालतं. फार बारीक घासलं तर लाकूड रंग नीट पीत नाही.

अवांतर: पी अक्षर नसलेला अमेरिकी मोजणीचा पेपर मिळाला तर २२० पर्यंत फारसा फरक पडत नाही. त्यापुढे पडतो. पी४०० आणि अमेरिकी ३२० जवळपास सारखे.

भुसापाणी:
पेन्सिलची युक्ती कुणीच सांगितली नाही? प्रत्येक नंबर सुरू करताना लाकडावर पेन्सिलने आडव्यातिडव्या हलक्या रेघोट्या मारा. शेवटची रेघोटी गेली की त्या नंबरचं काम झालं. मग ब्रशने आणि कोरड्या फडक्याने टेबल स्वच्छ करा आणि पुढचा नंबर लावा. ६० चा एक जरी सुटा कण १८० च्या पेपराखाली सापडला तरी तो एकटा टेबलभर गिरवत जातो. यंत्राचं पॅडही पुसायचं, कण तिथेही चिकटून बसतात.

यंत्र लाकडावर टेकवून मग चालू करा, आणि फिरत असतानाच उचलून घ्या. हवेत चालू करून टेकवलं की पहिल्याच क्षणी अर्धचंद्र उमटतो.

वाकडी फळी:
चंद्रही आहेत. मी त्यांना लाकडाची नक्षी समजत होते.

पटाशी:
ताई, पुन्हा घासायला घेण्याआधी एक बघा. टेबल अखंड लाकडाचं आहे की वरून व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेलं? फळीच्या कडेला वाका आणि बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली वळून आडव्या छेदात तशाच पुढे जाताना दिसल्या तर अखंड. कडेशी बारीकशी वेगळी पट्टी दिसली, किंवा सगळ्या फळ्यांवर तीच नक्षी पुन्हा पुन्हा दिसली, तर व्हिनिअर. आजकालचं व्हिनिअर पुष्कळदा अर्ध्या मिमीहूनही पातळ असतं. त्यावर ६० चालवलात तर चहा निवायच्या आत खालचा प्लाय दिसेल. माझ्या कपाटाच्या एका दाराला आता खिडकी आहे, ती अशीच झाली.

व्हिनिअर असेल तर यंत्र १८० ने, कडांपासून दोन बोटं लांब. कडा हाताने.

वाकडी फळी:
देवाची कृपा, टेबल अखंड निघालं. दारं व्हिनिअरची आहेत. पटाशीताई, तुम्ही माझी खिडकी वाचवलीत.

चारखिळे:
पट्ट्याचा सँडर कसा असतो? म्हणजे बेल्ट सँडर. तो स्वस्तात मिळतोय आणि काम झटपट होतं म्हणतात.

निरंक:
झटपट होतं, हो. खड्डाही झटपट होतो. ७५ मिमीचा पट्टा एकाच दिशेने सुसाट धावतो. एक क्षण जागेवर थांबलात की तिथे बशी तयार. गोल सँडरच्या उलट हा हवेतच चालू करायचा आणि चालता चालता टेकवायचा, नाहीतर तो तुम्हाला घेऊन पळतो. स्वस्तातल्यात पट्टा सारखा एका बाजूला सरकतो, स्क्रू पिळून मधे आणावा लागतो, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. वेड्यावाकड्या जाड फळ्या सपाट करायच्या असतील तर घ्या. फर्निचर घासायला पहिलं यंत्र म्हणून मुळीच घेऊ नका. या एका बाबतीत काकाही माझ्या बाजूने असतील.

कानसकाका:
आहे.

निरंक:
चला, धागा सार्थकी लागला.

मोकळा श्वास:
सगळे वेलांट्यांवर बोलताय, धुळीवर कुणी बोलेना. म्हणून जरा लांबण लावते.

यंत्रामागची ती इवलीशी पिशवी मोठा भुसा पकडते. फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ तिच्या कापडातून आरपार हवेत येते, आणि तीच तासन्‌तास तरंगत राहते. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. एका टेबलाने काही होत नाही. पण तोंडाला रुमाल बांधून भागतं असं समजू नका. एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क, नाकावर नीट बसलेला. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, तेही लक्षात घ्या.

पिशवी काढून घरातला व्हॅक्यूम जोडलात तर फरक डोळ्याला दिसतो. नळी आणि सँडरचं तोंड कधीच जुळत नाही, हा जणू निसर्गनियम आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हींवर चढवा, घट्ट बसतो. पेपराची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर आली पाहिजेत. आठ भोकांचा पॅड आणि पाच भोकांचा पेपर लावलात तर धूळ खालीच अडकते, पेपर तुंबतो आणि त्या गुठळ्या पुन्हा वेलांट्या काढतात. म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध आहेच.

आणि पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा. वार्निशची धूळ मिसळलेला भुसा साठून राहिला तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. जवसाच्या तेलाच्या फडक्यांचंही तसंच. चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, मोकळी पसरून वाळवा. खिळ्याचं डोकं वर आलेलं असेल तर आधी आत ठोका. ठिणगी पडून पिशवीत गेली तर काय होईल हे सांगायला नको.

शेजारचा कान:
मी सँडर वापरत नाही. मी त्या यंत्राच्या भिंतीपलीकडे राहतो. दुपारी दोन ते चार कृपया नको, एवढंच.

भुसापाणी:
वापरणाऱ्याच्या कानालाही नको. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही काळजी घेण्याची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. सँडर पुष्कळदा त्याच्या वर जातो. कानात बोळे घालाच. दर वीस मिनिटांनी थांबा, हाताला मुंग्या येईपर्यंत चालवू नका.

रिकामा डबा:
मध्येच विचारतो. हाच सँडर भिंतीवरच्या पुट्टीला चालेल का? एक अख्खी खोली घासायची आहे.

कानसकाका:
एखादा ठिगळ असेल तर चालवा. अख्खी खोली असेल तर नका. पुट्टीची पीठधूळ मोटरच्या वाऱ्याबरोबर आत ओढली जाते, कार्बन ब्रश आणि बेअरिंग दोन्ही खाते. पिशवी तिला थांबवू शकत नाही. शिवाय सँडर डोक्यावर धरून छत घासायला लागलात तर दुसऱ्या दिवशी हात वर होणार नाहीत. दांड्याला लावलेली जाळीची पट्टी घ्या, हातानेच घासा. मास्क लावूनच, कारण पुट्टी आणि प्लास्टरमधे सिलिका असू शकते आणि ती लाकडाच्या भुशापेक्षा वाईट.

मोकळा श्वास:
आणि भिंतीवर, दारावर किंवा खिडकीवर फार जुना रंग असेल तर यंत्र लावूच नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. यंत्राने त्याची धूळ होते, ती घरभर बसते, आणि रांगणारं मूल ती जमिनीवरून तोंडात घालतं. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. शंका असेल तर आधी तपासून घ्या. घासायलाच लागलं तर ओलं करून, हाताने, पाण्याच्या पेपरने. निघालेला गाळ पुसून पिशवीत बांधून टाका, कोरडा झाडू मारू नका. आणि पाणी आलं की वीज लांब, म्हणजे इथे सँडरचा प्रश्नच संपला.

मोजपट्टी:
अवांतर: पाण्यात चालणारा पेपर फ्रान्सिस ओकी यांनी शोधला आणि थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. त्याआधी ओला पेपर म्हणजे डिंक सुटलेला लगदाच.

वाकडी फळी:
(दोन आठवड्यांनी)
मंडळी, अहवाल.

टेबल पुन्हा ८० पासून घेतलं. पॅडवर रेघ, लाकडावर रेघोट्या, कानात बोळे, नाकावर मास्क. घरातले मला ओळखेनात. हात हलका ठेवला तर यंत्र आपोआप तरंगल्यासारखं चालतं. आधी मी त्याच्याशी कुस्ती खेळत होते. वेळ कमी लागला, हे मात्र अजून पटत नाही.

१२० नंतर काकांनी व्यनीतून (खाजगी निरोपातून) सांगितलं तसं ओलं फडकं फिरवलं. सुकल्यावर लाकडाचे तंतू उभे राहून टेबल मांजराच्या जिभेसारखं झालं. मग १८०. आणि शेवटी त्याच १८० ने, यंत्र बाजूला ठेवून, पेपर बुचाच्या ठोकळ्याला गुंडाळून रेषेच्या दिशेने हाताने चार हात. वेलांट्या गेल्या. खिडकीपाशी तिरकं वाकून, मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. एकच राहिली आहे, पायाजवळ. ती ठेवणार आहे.

पण एक नवीन भानगड. पेपर आता पॅडवर टिकत नाही, भिरभिरत उडून जातो. आणि यंत्र उचललं की पॅड भोवऱ्यासारखं सुसाट फिरायला लागतं. आधी असं होत नव्हतं.

भुसापाणी:
दोन वेगळे आजार. पेपर उडतो कारण त्याला धरून ठेवणारे पॅडच्या वेल्क्रोचे बारीक हुक वितळलेत. कुस्तीच्या दिवसांत तापले असणार. मधला भाग आधी जातो, कारण उष्णता तिथेच जास्त साठते. नवीन पॅड मिळतं, तीन-चार स्क्रू असतात. घेताना भोकांची संख्या आणि स्क्रूंमधलं अंतर दोन्ही जुळवून घ्या, स्वस्त यंत्रांत प्रत्येकाचं वेगळं असतं.

सुसाट फिरतं कारण पॅडच्या वर एक रबराची कडी असते, ती पॅडला घासून त्याचा वेग आवरते. तिला ब्रेक म्हणा. ती झिजली किंवा फाटली असणार. तशीच चालवलीत तर यंत्र टेकवताक्षणी खोल ओरखडा पडेल. दाराच्या व्हिनिअरवर तर अजिबात लावू नका. पॅड काढाल तेव्हा ती बघा.

वाकडी फळी:
बघितली. अर्धी आहे. उरलेली अर्धी बहुधा टेबलाच्या पॉलिशमधे असेल.

निरंक:
मी काही बोलत नाही.

वाकडी फळी:
बोला हो निरंक. पॅड आणि कडी मागवलीय, यंत्र तेच ठेवतेय. तोवर बाकाचे पाय घ्यायचे म्हणते. गोल आहेत, मधे कातीव कंगोरे आहेत. त्यावर सँडर कसा धरायचा?

कानसकाका:
धरायचाच नाही. सपाट पॅड गोल पायावर चालवलं की पायाला पैलू पडतात. कापडी पाठीच्या पेपरची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, पायामागून घ्या आणि दोन्ही टोकं धरून बुटाला पॉलिश करतात तशी ओढा. कंगोऱ्यांसाठी तीच पट्टी घडी घालून, घडीच्या कडेने. चार पायांना एक दुपार लागेल.

शेजारचा कान:
ही पद्धत मला फार आवडली.